कोल्हापुरचा टाउन हॉल

युरोपच्या प्रवासास गेलेला मनुष्य इटलींत पोहोंचला, म्हणजे त्याचे पाय एखाद्या जुन्या उद्यानगृहाकडे वळल्यावांचून राहत नाहींत. पंधराव्या व सोळाव्या शतकांत त्या देशांत विद्या व कला यांचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां फ्लॉरेन्स व रोम येथील धनिक घराण्यांनीं शहराबाहेर अशीं गृहें बांधलीं. त्यांना तिकडे ‘व्हिला’ म्हणतात. मध्यें टुमदार इमारत, भोंवतीं आंखीव ताटवे, कारंजीं व पुतळे, आणि आंत चित्रें, असा त्यांचा थाट असे. तीं घराणीं काळाच्या ओघांत लयास गेलीं. परंतु त्यांचीं कित्येक घरें राहिलीं. आज तेथें चित्रांचीं व शिल्पांचीं प्रदर्शनें भरतात, आणि ज्या दारांतून एके काळीं केवळ सरदार व धर्माधिकारी जात-येत, त्याच दारांतून आतां शाळेंतील मुलें शिक्षकांच्या मागोमाग आंत शिरतात.

कोल्हापुरचा एखादा गृहस्थ हें सारें पाहून परत येतो व शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्याचें रसभरित वर्णन ऐकवितो. तें योग्यच आहे. पण त्याच गृहस्थास कोणीं विचारलें, कीं भाऊसिंगजी रस्त्यावरील आपल्या टाउन हॉलांत काय आहे, तर तो बहुधा क्षणभर थबकेल. बाग आहे, असें तो सांगेल. लहानपणीं तेथें खेळल्याचेंही त्यास आठवेल. परंतु बागेच्या मधोमध उभ्या असलेल्या इमारतीच्या आंत आपण शेवटचे केव्हां गेलों होतों, हें सांगणें त्यास जड जाईल. आजचें भाषण ह्या इमारतीविषयीं आहे.

कोठें इटलींतील उद्यानगृहें आणि कोठें आपला टाउन हॉल, असें कोणास वाटेल. टाउन हॉल हें कोणा एका घराण्याचें निवासस्थान कधींच नव्हतें. तें नगराचें सभागृह म्हणून बांधलें गेलें. त्याची शैलीही इटालियन नाहीं. तथापि सुंदर वास्तु, तिच्याभोंवतीं उद्यान आणि पोटांत कलेचा संग्रह, हीं तिन्ही अंगें येथें एकत्र आहेत. शिवाय कोल्हापूर व फ्लॉरेन्स ह्या दोन शहरांस जोडणारा एक खरा धागा आहे, आणि त्याचें एक टोंक ह्याच इमारतीच्या रचनाकारापाशीं सांपडतें.

टाउन हॉलाचें काम १८७२ सालीं सुरू झालें व १८७६ सालीं पुरें झालें. रचना चार्ल्स मँट ह्या लष्करी इंजिनियराची. काळा दगड, टोंकदार कमानी, उतरतीं छपरें आणि आकाशांत चढत गेलेले निमुळते मनोरे पाहिले, म्हणजे ही गॉथिक पद्धति आहे हें जाणत्याच्या तत्काळ ध्यानांत येतें. ह्या शब्दाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पुनरुज्जीवनकाळांतील इटालियनांस मध्ययुगांतील ही टोंकदार बांधणी मुळींच आवडत नसे. वासारी ह्या चित्रकार-चरित्रकारानें ती गॉथ नांवाच्या रानटी टोळ्यांच्या माथीं मारली, आणि पुढें तेंच हेटाळणीचें नांव तिला कायमचें चिकटलें. तीनशें वर्षांनीं इंग्रजांस तिची पुन्हां गोडी लागली, आणि त्यांच्या इंजिनियरांबरोबर ती सह्याद्रि ओलांडून पंचगंगेच्या कांठीं येऊन पोहोंचली.

मँट येथेंच थांबला नाहीं. टाउन हॉलासमोरचें रुग्णालय, जें आज छत्रपति प्रमिलाराजे ह्यांच्या नांवानें ओळखलें जातें, तेंही त्याच्याच रचनेचें आहे. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा व अजमेरचें मेयो कॉलेज ह्यांचे आराखडेही त्यानेंच केले. १८७७ ते १८८४ ह्या काळांत कोल्हापुरांत नवा राजवाडा उभा राहिला, त्याचाही आराखडा मँटचाच. मात्र राजवाडा पुरा होण्यापूर्वीं, १८८१ सालीं, तो मरण पावला. नव्या राजवाड्यांत गुजराथ-राजस्थानांतील जैन व हिंदु बांधणीचे आणि येथल्या वाडेबंदी घरांचे घाट त्यानें एकत्र गुंफले आहेत. ज्यास वास्तुकलेची थोडीशी आवड असेल, त्यानें ह्या दोन इमारती एकाच दिवशीं पाहाव्या. सकाळीं टाउन हॉल पाहावा, दुपारीं नवा राजवाडा पाहावा. परदेशांतून विद्या घेऊन आलेला मनुष्य ह्या भूमीपासून काय शिकला, हें पुस्तक न उघडतां डोळ्यांस दिसेल.

आतां फ्लॉरेन्सचा धागा. दुसरे राजाराम महाराज १८६६ सालीं दत्तक होऊन कोल्हापुरच्या गादीवर आले. इंग्रजी विद्या शिकलेला हा तरुण राजा १८७० सालीं विलायतेस गेला. समुद्रपर्यटनास धर्मबाह्य मानण्याचा तो काळ. अशा काळीं एका छत्रपतीनें समुद्र ओलांडावा, ही लहान गोष्ट नव्हे. इंग्लंडांत त्यानें राणी व्हिक्टोरिया हिची भेट घेतली, अनेक संस्था पाहिल्या, आणि जें पाहिलें तें रोजनिशींत टिपून ठेवलें. ती रोजनिशी कॅप्टन वेस्ट ह्यांनीं संपादून १८७२ सालीं लंडनांत छापविली. परंतु ती छापून निघाली तेव्हां तिचा लेखक हयात नव्हता. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचें देहावसान झालें. वयाची एकविशीही पुरी झाली नव्हती.

परक्या देशीं, परधर्मीयांच्या नगरांत, हिंदु राजाचें दहन कसें करावें? त्या वेळीं इटलींत प्रेतें पुरण्याचीच चाल होती. फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनीं ह्या अडचणींत आडकाठी केली नाहीं. शहराच्या पश्चिमेस ‘कासीने’ नांवाचें विस्तीर्ण उद्यान आहे. तें पूर्वीं मेडिची ह्या सुप्रसिद्ध घराण्याचें शेत व शिकारीचें रान होतें. त्याच्या टोंकाशीं आर्नो व मुन्योने ह्या दोन नद्यांचा संगम होतो. त्या संगमावर महाराजांच्या देहास विधिपूर्वक अग्नि देण्यांत आला. पंचगंगेच्या कांठीं वाढलेल्या राजास परदेशांतही संगमच लाभला.

१८७४ सालीं त्या जागीं एक छत्री उभारली गेली. तिच्याखालीं महाराजांचा अर्धपुतळा आहे. तो फुलर ह्या इंग्रज शिल्पकारानें केला. पागोटें, अलंकार, अंगरखा सर्व रंगविलेलें असल्यामुळें पांढऱ्या संगमरवराच्या त्या देशांत तो पुतळा लांबूनही वेगळा दिसतो. आणि छत्रीची रचना कोणाची? चार्ल्स मँटची! ज्या वर्षांत कोल्हापुरांत टाउन हॉलाच्या भिंती चढत होत्या, त्याच वर्षांत फ्लॉरेन्सच्या उद्यानांत त्याच हातानें आंखलेली छत्री आकार घेत होती. फ्लॉरेन्सचे लोक ह्या स्मारकास ‘भारतीय’ एवढ्याच नांवानें ओळखतात. १९७८ सालीं जवळच आर्नोवर मोठा पूल झाला. त्याचेंही नांव ‘भारतीयाचा पूल’ असेंच पडलें. त्या शहरानें आपल्या पाहुण्यास असें दीडशें वर्षें सांभाळलें आहे.

फ्लॉरेन्सच्या ह्या सांभाळण्याच्या गुणामागें एका स्त्रीची दूरदृष्टि आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मेडिची घराणें संपत आलें, तेव्हां त्या वंशांतील शेवटची राजकन्या आन्ना मारिया लुईसा हिनें १७३७ सालीं नव्या राजघराण्याशीं करार केला. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेलीं चित्रें, पुतळे, ग्रंथ, रत्नें तिनें त्यांस दिलीं. पण अट अशी घातली, कीं ह्यांतली एकही वस्तु फ्लॉरेन्सच्या बाहेर जातां कामा नये. तीं राज्याचें भूषण म्हणून, लोकांच्या उपयोगासाठीं व परक्यांस पाहण्यासाठीं तेथेंच राहावीं. त्या काळीं राजेलोक चित्रें हुंड्यांत देत, कर्जापोटीं विकीत, लढाईंत लुटून नेत. त्या साऱ्यांतून फ्लॉरेन्सचा संग्रह वांचला तो ह्या एका कागदामुळें. आज जगांतून लोक त्या शहराकडे धांव घेतात, त्याचें मोठें श्रेय ह्या अटीकडे जातें. कला निर्माण होण्यास प्रतिभा लागते. पण ती गांवांत टिकण्यास घर लागतें, आणि ‘ही येथून हलूं नये’ असें म्हणणारें कोणीतरी लागतें.

हा विचार मनांत धरून आतां आपल्या टाउन हॉलाकडे वळावें.

कोल्हापुरच्या पश्चिमेस, पंचगंगेच्या कांठीं, ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजांतील प्रा. के. जी. कुंदणगार ह्यांचें लक्ष तेथें मिळणाऱ्या जुन्या वस्तूंकडे गेलें. पुढें १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित ह्यांनीं टेकडीचें शास्त्रीय उत्खनन केलें. मातीच्या थरांखालीं सातवाहनकाळांतील विटांच्या घरांची वस्ती निघाली. धनुष्यबाणाचें चिन्ह असलेलीं जुन्या ‘कुर’ राजांचीं नाणीं मिळालीं. पितळ व कांसें ह्यांचीं भांडीं मिळालीं, स्वार बसलेला कांशाचा एक सुरेख हत्ती मिळाला. आणि ह्या सर्वांबरोबर मिळाली ती वितीहूनही लहान अशी एक मूर्ति, जिनें युरोपांतल्या पंडितांसही चकित केलें. ती होती पोसायडन ह्या ग्रीकांच्या समुद्रदेवतेची. रोमन लोक ह्याच देवतेस नेपच्यून म्हणत.

समुद्राचा देव समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, कसा आला? तो व्यापाराच्या मार्गानें आला. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत तांबड्या समुद्रांतून निघालेलीं गलबतें मोसमी वाऱ्यांच्या आधारानें आमच्या पश्चिम किनाऱ्यास लागत. मिरीं, मोतीं, हस्तिदंत, तलम कापड तीं घेऊन जात, आणि मद्य, कांचसामान, धातूच्या वस्तू व सोनेंचांदी येथें उतरवीत. प्लिनी ह्या रोमन ग्रंथकारानें तर हिंदुस्थान दरसाल पांच कोटि सेस्टर्स इतकें द्रव्य रोमन साम्राज्यांतून ओढून नेतो, अशी तक्रार केली आहे. कोंकणांतील बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर येई. त्या मालांतूनच ही मूर्ति, परसियस व अँड्रोमिडा ह्यांच्या कथेचें चित्र उठविलेली कांशाची एक तबकडी, आणि रोमन घाटाचीं भांडीं ब्रह्मपुरीच्या कोणा सधन मनुष्याच्या घरीं पोहोंचलीं. त्यानें त्या देवाची पूजा केली, कीं नुसती शोभेची वस्तु म्हणून तो कोनाड्यांत ठेवला, हें मूर्ति सांगत नाहीं. परंतु तिचे प्रमाणबद्ध अवयव, अंगाचा डौल व उभें राहण्याची ऐट पाहणाऱ्याचें लक्ष आजही खिळवून ठेवते.

पुनरुज्जीवनकाळांतील इटालियन शिल्पकार अशाच प्राचीन मूर्ति जमिनींतून उकरून काढीत व त्यांच्यापुढें बसून शिकत, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्यांचे गुरु त्यांस मातींतच सांपडले. कोल्हापुरच्या मातींतही त्या गुरुकुलांतील एक जण निघाला. तेव्हां फ्लॉरेन्सनें कोल्हापुरचा एक पाहुणा जपला आहे, तसाच कोल्हापुरानेंही भूमध्य समुद्राकडचा एक पाहुणा जपला आहे.

तो जपला गेला तो कसा, हेंही पाहिलें पाहिजे. अशी दुर्मिळ वस्तु निघाली, म्हणजे ती मोठ्या शहरांतील मोठ्या संग्रहालयांत जावयाची, हा सामान्य क्रम. येथें तसें झालें नाहीं. ह्या वस्तूंसाठीं १९४६ सालीं कोल्हापुरांतच संग्रहालय निघालें. १९४९ सालीं तें टाउन हॉलाच्या इमारतींत आलें. त्याच वर्षीं १ मार्च रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य गेलें, पण ब्रह्मपुरीचा ठेवा कोल्हापुरांत राहिला. आन्ना मारियेनें जें आपल्या शहरासाठीं करारानें साधलें, तें येथें कांहीं विद्वानांच्या कळकळीनें साधलें.

ज्यास असें घर वेळेवर मिळालें नाहीं, त्याचें काय होतें, ह्याचें उदाहरणही कोल्हापुरांतच आहे, आणि तें मनास चटका लावणारें आहे. आबालाल रहिमान हे कोल्हापुरचे थोर चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. पण नांवलौकिकाच्या मागें न लागतां ते आपल्या गांवीं परत आले. शाहू महाराजांनीं त्यांस आश्रय दिला. कोटितीर्थाच्या कांठीं राहून त्यांनीं तळीं, घाट, झाडें व आकाश रंगविलें. पाण्यावर पडलेलें सकाळचें ऊन, सांजवेळचा धूसर प्रकाश, पावसाआधींचा काळोख, हे त्यांचे आवडते विषय. विलायतेस न जातां, केवळ निसर्गापुढें बसून, रंगांचे बारीक ठिपके शेजारीं शेजारीं ठेवून प्रकाश उभा करण्याची हातोटी त्यांनीं साधली. शाहू महाराज १९२२ सालीं निवर्तले. त्या दुःखाच्या भरांत आबालाल ह्यांनीं आपल्या चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थांत सोडले, असें कोल्हापुरांत परंपरेनें सांगतात. १९३१ सालीं तेही गेले. त्यांनीं जन्मभर जें काढलें, त्याचा अल्प अंशच आज उरला आहे, आणि त्यांतील कांहीं चित्रें टाउन हॉलांत आहेत. म्हणून तीं पाहतांना घाई करूं नये. टाउन हॉलांतील संग्रहालय पंचवीस वर्षें आधीं निघतें, तर भिंतींवर आणखी किती चित्रें दिसलीं असतीं, हा विचार पाहणाऱ्याच्या मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

आबालाल एकटे नव्हते. चित्रकार धुरंधर ह्यांचा जन्म १८६७ सालीं कोल्हापुरांतच झाला. आनंदराव व बाबूराव पेंटर ह्या मेस्त्री बंधूंनीं नाटकांचे पडदे रंगविले. पुढें बाबूरावांनीं बोलपटांपूर्वींच्या काळांत ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं काढून कुंचल्याचें काम कॅमेऱ्याकडून करून घेतलें. दत्तोबा दळवी ह्यांच्या नांवाच्या कलाशाळेनें पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडविले. माधवराव बागल हे स्वतः चित्रकार. त्यांनीं ‘कोल्हापुरचे कलावंत’ हें पुस्तक लिहून ह्या मंडळींची स्मृति राखली. नट व चित्रकार चंद्रकांत मांडरे ह्यांनीं तर राजारामपुरींतील आपलें राहतें घर व आपलीं चित्रें शासनाच्या स्वाधीन केलीं, आणि त्या घराचें कलासंग्रहालय झालें. घर, चित्रें आणि तीं लोकांस देण्याची बुद्धि! इटलींतील उद्यानगृहांची गोष्ट ह्याहून निराळी ती काय?

जुन्या वस्तू जपणें हें अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें म्हणजे नव्या कलेस तेथें जागा देणें. टाउन हॉलाच्या बागेंत हेंही घडतें. येथील ‘रंगबहार’ ह्या संस्थेतर्फे तेथें ‘मैफल रंगसुरांची’ भरते. झाडांच्या सावलींत चित्रकार आपले फळे मांडतात, शिल्पकार मातीचा गोळा हातीं घेतात, एकीकडे गायन-वादन चालतें, आणि लोक भोंवतीं उभे राहून चित्र कोऱ्या कागदावरून पूर्ततेस जातांना पाहतात. प्रदर्शनांत चौकटींतलें चित्र पाहणें वेगळें आणि चित्रकाराचा हात अडखळतांना, पुसतांना, पुन्हां सरसावतांना पाहणें वेगळें. लहान मुलास एकदां तें दिसलें, म्हणजे कला ही आकाशांतून पडत नाहीं, ती श्रमानें होते, हें त्यास निराळें शिकवावें लागत नाहीं.

तेव्हां कोल्हापुरांतील कुटुंबांनीं एखादा सुट्टीचा दिवस ह्यासाठीं राखून ठेवावा. प्रथम बागेंतून इमारतीस एक प्रदक्षिणा घालावी. कमानी व मनोरे चारही बाजूंनीं पाहावे. आवारांतील तोफा व दगडी शिल्पें मुलांस दाखवावीं. मग आंत जावें. सर्व कांहीं एका दमांत पाहण्याचा हट्ट धरूं नये. ब्रह्मपुरीच्या वस्तू आणि आबालाल ह्यांचीं चित्रें एवढेंच पहिल्या खेपेस पुरे. प्रत्येक वस्तूपुढें मुलास तीन प्रश्न विचारावे: ही कशाची केली आहे, ही कोणीं वापरली असेल, आणि ही येथवर कशी आली. उत्तरें त्यासच शोधूं द्यावीं. बाहेर आल्यावर ब्रह्मपुरीपर्यंत पायीं जावें, म्हणजे कपाटांतील वस्तु व तिची जागा ह्यांचा मेळ त्याच्या मनांत बसेल. परगांवचे पाहुणे आले, तर अंबाबाईच्या दर्शनानंतर व रंकाळ्यावरील फेरफटक्यापूर्वीं त्यांस येथेंही आणावें.

संग्रहालयाचें दार उघडें ठेवणें हें शासनाचें काम आहे. त्या दारांतून आंत जाणें हें नागरिकांचें. ज्या संग्रहाकडे कोणी फिरकत नाहीं, त्याची धूळ झटकण्याचाही उत्साह हळूहळू मावळतो. आणि जेथें रोज चार मुलें येऊन प्रश्न विचारतात, तेथील रखवालदारही वस्तूंचीं नांवें पाठ करतो. फ्लॉरेन्सचे लोक आर्नोच्या संगमावरील आपल्या राजास विसरले नाहींत. पंचगंगेच्या कांठच्या लोकांनींही आपल्या घरीं आलेल्या त्या चिमुकल्या समुद्रदेवास, आणि कोटितीर्थाच्या पाण्यांतून वांचलेल्या त्या थोड्या चित्रांस, अधूनमधून भेटून यावें.